नवीन एजंट आहे, चौथा महिना, एकही सौदा नाही. रोज नेमकं काय करायचं?

नवी_किल्ली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

अकरा वर्षं एका कंपनीत हिशेब बघितले. आता घरं विकायच्या आणि भाड्याने लावून द्यायच्या कामात उतरलेय. परीक्षा दिली, परवाना काढला, एका जुन्या एजंटच्या ऑफिसात नाव लावून घेतलं. चौथा महिना चालू आहे आणि एकही सौदा झालेला नाही. ऑफिसात गेलं की समोर एक यादी ठेवतात आणि म्हणतात फोन लाव. रोज पन्नास-साठ फोन लावते. परवा एका बाईंनी फोन उचलला आणि शांतपणे विचारलं, "माझा नंबर तुम्हाला कुणी दिला?" मला उत्तरच देता आलं नाही, सॉरी म्हणून ठेवून दिला. त्यानंतर तास-दीड तास पुढचा नंबर लावायला हातच उचलेना.

तर तीन प्रश्न आहेत. एक, दिवसभर नेमकं काय करायचं असतं या कामात? दोन, नातेवाईक, जुने सहकारी यांना सांगायचं की त्यांना यातून लांब ठेवायचं? आणि तीन, हा मला सगळ्यात जास्त सतावतोय, घरात एखादा दोष आहे हे आपल्याला माहीत असेल तर तो घेणाऱ्याला आपणहून सांगायचा का? ऑफिसातले सिनियर म्हणतात विचारलं तरच सांगायचं. मला ते जड जातंय.

फोनवाला
अभिनंदन आधी. चार महिन्यात सौदा नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, माझा पहिला सातव्या महिन्यात झाला आणि पैसे हातात आले नवव्यात. घर पसंत पडणं, बोलणी, कर्ज, कागद, खरेदीखत, या सगळ्याला वेळ जातो आणि कमिशन मिळतं शेवटी. म्हणून या धंद्यात येताना सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून यावं असं सगळे सांगतात. मी तर म्हणेन नऊ महिन्यांचा ठेवा.

फोन सोडू नका. फक्त यादी बदला. अनोळखी लोकांना "घर विकायचंय का" विचारण्यापेक्षा ज्यांनी स्वतःहून जाहिरात दिली आहे त्यांना लावा. "तुमची जाहिरात अमुक ठिकाणी बघितली, घर अजून आहे का?" एवढ्याने सुरुवात केली की नंबर कुठून मिळाला हा प्रश्नच येत नाही.

पायपीट
फोनवाला, माफ करा पण मी उलट सांगणार. मी या कामात दोन वर्षं आहे. पहिले पाच महिने फोनच केले आणि घसा बसण्यापलीकडे काही झालं नाही. मग एक भाग निवडला, चालत वीस मिनिटांत ओलांडता येईल एवढाच, आणि रोज सकाळी तिथे फिरायला लागलो. कुठल्या इमारतीची लिफ्ट बंद आहे, कुठे पाणी कमी दाबाने येतं, कुठल्या गल्लीत संध्याकाळी गाडी लावायला जागा नसते, कुठलं घर चार महिने बंद आहे, सगळं वहीत. दीड महिन्यात असं झालं की वॉचमन, इस्त्रीवाले, लिफ्ट दुरुस्तीवाले मला ओळखायला लागले आणि कुणी घर बदलणार असेल तर मला आधी कळायला लागलं.

किल्लीताई, एकच छोटा भाग धरा. अख्खं शहर माहीत असलेला एजंट कुणीच नसतो.

रविवार_साईटवर
आमच्या घरचे म्हणतात तुझा रविवार कधी असतो. मी म्हणतो मंगळवारी.

भिंतीपलीकडे
एकोणीस वर्षं झाली या कामात. तिसऱ्या प्रश्नाचं आधी लिहितो कारण बाकीचे दोन्ही त्यातच येतात.

माझं दुसरं वर्ष होतं. एक घर विकायला आलं, हॉलची एक भिंत नुकतीच रंगवलेली. बाकीच्या तीन भिंतींचा रंग जुना आणि ही एकच नवी. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, खरं सांगायचं तर कळलं होतं. जवळ गेल्यावर खाली पट्टीच्या वर हात लावला तर गार लागली. मालक म्हणाले मुलांनी भिंतीवर रेघोट्या मारल्या होत्या म्हणून रंगवली. मी पुढे काही विचारलं नाही. घेणाऱ्यांनीही विचारलं नाही. नवराबायको दोघं, पहिलंच घर, सौदा झाला, मला कमिशन मिळालं.

पावसाळा संपायच्या आत त्या भिंतीवर पांढरी भुकटी आली, मग रंगाचे पापुद्रे सुटले. त्या बाईंनी मला फोन केला. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी भिंतीला हात लावलेला मी बघितलं होतं." बास. एवढंच.

ते वाक्य माझ्या डोक्यातून सतरा वर्षं गेलेलं नाही. दुरुस्तीचा अर्धा खर्च मी दिला, त्यांनी मागितला नव्हता. त्या कुटुंबाने मला पुढे कधी कुणाकडे पाठवलं नाही आणि पाठवायचं काही कारणही नव्हतं. तेव्हापासून माझा नियम, जे मला दिसलं ते मी बोलतो, मालकासमोर बोलतो, आणि घर विकायला घेतानाच मालकाला सांगतो की मी बोलणार आहे. काही मालक निघून जातात. जाऊ देत.

कायद्याचं म्हणाल तर ठिकाणागणिक नियम वेगळे आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी माहीत असलेला मोठा दोष लपवला तर एजंटवरही येतं. तुमच्या परवान्याबरोबर जी नियमावली आली असेल ती उघडून वाचा, सिनियरचं ऐकून गप्प बसू नका.

घरशोधक
मी एजंट नाही, गेल्या वर्षी घर घेतलं. अकरा एजंट भेटले. दहाजण प्रत्येक घराला "एकदम मस्त" म्हणाले. अकरावा माणूस एका घरात शिरला, बाल्कनीत उभा राहिला आणि म्हणाला, "हे तुम्हाला नको. तुम्ही म्हणालात आई दुपारी झोपतात, खाली शाळा आहे, मधल्या सुट्टीत येऊन ऐका." घर त्याच्याकडूनच घेतलं, तेही दोन महिन्यांनी. त्यानंतर माझ्या तीन मित्रांनी त्याच्याकडूनच घेतलं.

मोजपट्टी
भिंतीपलीकडे यांनी ओलीचं लिहिलं म्हणून थोडं तांत्रिक लिहितो, मी बरीच वर्षं बांधकामावर काढली आहेत. जमिनीतून वर चढणारी ओल असेल तर ती साधारण मीटरभर उंचीपर्यंतच दिसते, खालून वर येते आणि वरच्या कडेला पाण्याची रेघ उमटल्यासारखी खूण राहते. पांढरी भुकटी म्हणजे क्षार, पाणी सुकतं आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. भिंतीच्या मध्येच किंवा छताला डाग असेल तर जमीन नाही, वरच्या मजल्याचं न्हाणीघर किंवा एखादा पाइप शोधा. बाहेरच्या भिंतीला आतून खिडकीच्या कोपऱ्यात डाग असेल तर खिडकीच्या चौकटीची फट. हे तीन वेगळे दोष आहेत आणि दुरुस्तीचा खर्चही वेगवेगळा. नवीन एजंटला एवढं ओळखता आलं तरी पार्टी म्हणेल हिला कळतंय.

आणि पाणी बघताना एक नळ उघडून समाधान मानू नका. स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघराचा नळ एकदम सोडा आणि त्याच वेळी फ्लश करा. मग कळतं दाब किती आहे ते.

नवी_किल्ली
@मोजपट्टी हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. एकच नळ उघडायचे आजपर्यंत. घर स्वतः मोजायचं का? जाहिरातीत आकडा असतोच ना.

मोजपट्टी
मोजायचंच. जाहिरातीतला आकडा कुठला आहे हे आधी विचारा. भिंतींच्या आतली वापराची जागा, भिंतींसकट जागा आणि जिना-लिफ्ट वगैरेचा वाटा धरून सांगितलेली जागा, हे तीन निराळे आकडे असतात आणि लोक सगळ्यात मोठा तोच सांगतात. मी दोन घरं बघितलेली आहेत ज्यांचा सांगितलेला आकडा सारखाच होता आणि एकात पलंग लावल्यावर कपाटाचं दार उघडत नव्हतं.

लेझरचं मोजयंत्र घ्या, हातात मावतं, भिंतीला टेकवून बटण दाबलं की झालं. खोली काटकोनात आहे का बघायचं असेल तर कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फूट, दुसऱ्या भिंतीवर 4 फूट खूण करा, दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 आलं पाहिजे. 5 नाही आलं तर कोपरा काटकोनात नाही आणि तिथे तयार फर्निचर नीट बसणार नाही. आणि 1 चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट, हे तोंडपाठ पाहिजे. कॅल्क्युलेटर काढत बसलं की पार्टीचं लक्ष उडतं.

कागदपत्रे
सगळे भिंती बघताय, मी कागद बघते, म्हणून माझंही ऐका. मी वकिलांकडे मालकीहक्काच्या शोधाचं काम करते. नवीन एजंटची पहिली मोठी चूक ठरलेली असते, समोर जो बसलाय तोच मालक आहे असं धरून चालतात. चार भावंडांच्या नावावर घर, बोलायला एकच येतो, बाकीच्या तिघांना विचारलेलंच नसतं. किंवा वडील गेले, नाव अजून त्यांचंच, वारसांची नोंद झालेली नाही. किंवा एकच मालक आहे पण घरावर कर्जाचा बोजा आहे आणि तो सांगत नाही.

एक प्रकरण सांगते. मालक परदेशी, त्यांनी पुतण्याला मुखत्यारपत्र दिलेलं. पुतण्या सही करणार, टोकन दिलं गेलं, एजंट खूश. सगळं ठरल्यावर कळलं की काका दोन महिन्यांपूर्वीच वारले. साधारणपणे देणारा माणूस गेला की मुखत्यारपत्र संपतं, त्या सहीला अर्थ राहत नाही. पुतण्याची नियत वाईट नव्हती, त्याला माहीतच नव्हतं. टोकन परत मिळवायला त्या पार्टीला आठ महिने लागले, त्यांनी दोष कुणाला दिला असेल तुम्हीच सांगा.

तेव्हा किल्लीताई, घर दाखवायला घ्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा. नाव कुणाचं, सह्या किती जणांच्या लागणार, कर्ज आहे का. आणि कागदाची प्रत बघितल्याशिवाय टोकनचा विषय काढू नका. शोध घेणं आपलं काम नाही, ते वकिलाचं. पण विचारणं आपलंच.

जुनंपान
कागदपत्रेताईंच्या प्रतिसादावरून आठवलं, थोडं अवांतर. पुष्कळ लोकांना वाटतं की नोंदणी झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली. बऱ्याच देशांच्या पद्धतीत दस्ताची नोंद होते, मालकीची हमी सरकार देत नाही, म्हणून मागची साखळी तपासत जावं लागतं. दुसरी पद्धत दक्षिण ऑस्ट्रेलियात 1858 साली रॉबर्ट टॉरेन्स यांनी आणली. त्यात नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक आणि त्यामागे सरकार उभं. टॉरेन्स आधी बंदराच्या जकातीच्या कामात होते, जहाजांच्या मालकीची नोंद जशी एका वहीत असते तशी जमिनीची का नसावी हा त्यांचा मुद्दा होता असं सांगतात. आपण काम करतो तिथे यातली कुठली पद्धत आहे हे एजंटला माहीत पाहिजे, कारण "नोंदणी झालीय, चिंता नको" हे वाक्य एका ठिकाणी खरं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी निम्मंच खरं.

रविवार_साईटवर
जुनंपान यांना साईट दाखवायला नेलं तर पार्टी घर घेईल का माहीत नाही, पण इतिहासात पास नक्की होईल :) माहिती मात्र झकास, जपून ठेवतोय.

नवी_किल्ली
अजून एक बारीकशी शंका. व्हिजिटिंग कार्ड छापतेय. ऑफिसातल्या एकाने "रिअल्टर" छाप म्हणून सांगितलं, भारी वाटतं म्हणे. छापू का?

जुनंपान
नका छापू. तो शब्द म्हणजे एजंटचं इंग्रजी नाव नाही. अमेरिकेत 1908 साली शिकागोला एजंटांची राष्ट्रीय संघटना सुरू झाली, तिच्या सभासदांसाठी 1916 साली तो शब्द तयार केला गेला आणि तो नोंदवलेलं व्यापारचिन्ह आहे. सभासद नसाल तर तुमचा नाही तो. परवान्यावर जे लिहिलंय तेच छापा.

कागदपत्रे
+१. आणि परवान्याचा क्रमांक पण छापा.

भाडेकरू_कायम
मी अकरा वर्षांत सात घरं बदलली, त्यामुळे एजंटांचा माझा अनुभव विक्रीवाल्यांपेक्षा जास्त असेल. एक सांगतो, भाड्याचं काम हलकं समजू नका. विक्रीवाला माणूस वीस वर्षांतून एकदा तुमच्याकडे येणार, भाडेकरू दोन वर्षांनी परत येतो. आणि भाडेकरूच एक दिवस घर घेतो. मी पुढच्या वर्षी घेणार आहे, आणि कुणाकडे जायचं ते ठरलेलं आहे. ज्या मुलीने मला मागचं घर लावून दिलं तिने आत शिरायच्या दिवशी सगळ्या खोल्यांचे फोटो काढून मला आणि मालकांना पाठवले होते, फुटकी फरशी, कपाटाचं ढिलं बिजागर, सगळं. सोडताना अनामत रक्कम पूर्ण परत मिळाली. एका शब्दाचं भांडण नाही.

पायपीट
हे शंभर टक्के. माझे पहिले चारही सौदे भाड्याचेच. पैसे कमी पण महिन्या-दोन महिन्यात येतात आणि घरात शिरायची, माणसांशी बोलायची सवय होते.

फोनवाला
पायपीट, तुमचा मुद्दा मान्य पण फोनला इतकं पण धुवू नका. तुमचे वॉचमन तुम्हाला सांगतात, मग तुम्ही मालकांना काय करता? फोनच ना.

पायपीट
हो पण तेव्हा मला त्या घराची लिफ्ट कधीपासून बंद आहे हे माहीत असतं. बोलायला काहीतरी असतं माझ्याकडे. भांडत नाहीये, क्रमाचा प्रश्न आहे. आधी पाय, मग फोन.

फोनवाला
ठीक. क्रम मान्य.

उंबरठा
धागा आजच वाचला. ज्याबद्दल कुणीच लिहिलं नाही त्यावर लिहिते कारण किल्लीताई एकट्या फिरणार आहेत.

रिकाम्या घरात अनोळखी माणसाबरोबर एकटीने जायचं नाही, निदान पहिल्या भेटीत नाही. 1986 साली लंडनमध्ये सुझी लॅम्प्लू नावाची 25 वर्षांची एजंट दुपारी एका पार्टीला घर दाखवायला गेली, डायरीत भेटीची नोंद होती, आणि ती परत आलीच नाही. आजपर्यंत ती सापडलेली नाही. तिच्या घरच्यांनी तिच्या नावाने व्यक्तिगत सुरक्षेचं काम करणारी संस्था काढली. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्या स्वतःच्या डायरीतली पानं उलटून बघितली. निम्म्या भेटींच्या पुढे नुसतं "पार्टी, 4 वाजता" असं लिहिलेलं होतं. ना पूर्ण नाव, ना खातरजमा.

त्या दिवसापासून माझी पद्धत अशी. पहिली भेट ऑफिसात किंवा माणसांची वर्दळ असलेल्या ठिकाणी, ओळखपत्राची प्रत घ्यायची. घरात शिरताना पार्टीला पुढे जाऊ द्यायचं, आपण दाराच्या बाजूला राहायचं. दार आतून लावायचं नाही. कुठल्या घरात आहे आणि किती वाजता निघणार हे एका माणसाला कळवलेलं असतं, आणि मी त्या वेळेला फोन केला नाही तर तो मला करतो. माझ्या बाबतीत तो माणूस म्हणजे माझा भाऊ, पाच वर्षांत त्याने एकदाही विसरलेलं नाही. पार्टीला राग येईल अशी भीती वाटते ना? चांगल्या माणसाला राग येत नाही. ज्याला येतो त्याला घर दाखवू नका.

नवी_किल्ली
@उंबरठा वाचून अंगावर काटा आला. मी मागच्याच आठवड्यात एकटी गेले होते, संध्याकाळी सातला, वीज तोडलेलं घर. घरी सांगितलं पण नव्हतं. आजपासून नवऱ्याला वेळ कळवणार. मनापासून आभार.

भिंतीपलीकडे
उंबरठा यांचं पुरुषांनाही लागू आहे. आमच्या ऑफिसात आता पहिली भेट दोघांनी मिळूनच करायची असा नियम आहे.

आता नातेवाईकांचं राहिलंय. नातेवाईकांना सांगायचं, पण त्यांच्याकडे मागायचं नाही. "मी हे काम सुरू केलंय, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा" एवढंच. मावशी, काका, जुने सहकारी यांना तुम्ही काय करता हेच माहीत नसेल तर ते कुणाला सांगणार? पण लग्नकार्यात हातात कार्ड कोंबत फिरलात तर लोक तुम्हाला बघून वाट बदलतील. आणि नातेवाइकाचं काम घेतलंत तर कमिशन आधी, लिहून, ठरवून घ्या. सवलत द्यायची तर तेव्हाच द्या. शेवटी "घरचीच तर आहेस" ऐकलं की ना काम धड होत ना नातं.

कागदपत्रे
लिहून घेण्याबद्दल अजून एक. तुम्ही कुणाच्या बाजूने आहात हे पण लिहून घ्या. विकणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या की दोघांच्या. दोघांकडून घेत असाल तर दोघांना माहीत असलं पाहिजे, काही ठिकाणी तर अशा कामाला परवानगीच नाही. अमेरिकेत ऑगस्ट 2024 पासून त्या मोठ्या संघटनेच्या एजंटांना घर दाखवायला न्यायच्या आधीच घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो, त्यात एजंटला किती मिळणार ते स्पष्ट लिहायचं. आपल्याकडे सक्ती असो नसो, एक पानाचा कागद करून ठेवा. भांडणं बहुतेक त्या न लिहिलेल्या पानावरूनच होतात.

घरशोधक
घेणाऱ्याच्या बाजूने एक विनंती. घर दाखवायच्या आधी कर्ज किती मिळेल ते बघून यायला सांगा. आम्हाला आमच्या एजंटने सांगितलं होतं आणि तेव्हा राग आला होता, वाटलं आमची ऐपत बघतोय. नंतर कळलं. आमचं कर्ज ठरत असताना व्याज 8 टक्क्यांवरून 9 झालं असतं तर 20 वर्षांच्या कर्जाचा हप्ता साडेसात टक्क्यांनी वाढला असता, आणि आमचं गणित तिथेच कोसळलं असतं. आणि बँक घराची किंमत स्वतः ठरवते, ती ठरलेल्या भावापेक्षा कमी आली की मधला फरक खिशातून घालावा लागतो. हे आधी कळलं तर माणूस झेपणारंच घर बघतो, मनात भरलेलं घर सोडावं लागत नाही.

मोजपट्टी
फोटोंबद्दल पण लिहायचं होतं, राहूनच गेलं. मोबाइलची रुंद लेन्स लावून खोली दुप्पट दाखवू नका. माणूस आला की दारातच त्याचा चेहरा पडतो आणि पुढचं काहीच त्याच्या मनात उतरत नाही. छातीच्या उंचीवर फोन धरा, उभ्या रेषा उभ्या राहू द्या, पडदे उघडा, दिवे लावा. आणि एक फोटो खिडकीतून बाहेर काय दिसतं त्याचा, समोर भिंत असली तरी भिंतीचा.

रविवार_साईटवर
भिंतीचा फोटो बघून एक आजोबा म्हणाले, छान आहे, उन्हाळ्यात सावली राहील. घेतलं त्यांनी ते घर!

फोनवाला
@किल्लीताई फोनची भीती अजून आहे का?

नवी_किल्ली
(सात आठवड्यांनी)

मंडळी, धागा वर आणतेय. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, काय झालं ते सांगायलाच हवं.

पायपीट यांचं ऐकून एक भाग धरला, तीन रस्ते आणि एक मैदान. रोज सकाळी पावणेआठ ते साडेनऊ फिरते, वहीची चौसष्ट पानं भरलीत. मोजयंत्र घेतलं. नऊ घरं मोजली, त्यातल्या पाच घरांत आकडा जाहिरातीपेक्षा कमी निघाला.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला घरातच मिळालं. एक पार्टी आली होती, आई आणि मुलगा. घर आवडलं होतं त्यांना, आईंनी तर कपाट कुठे ठेवायचं तेही ठरवलं होतं. मागच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात हाताएवढा पिवळा डाग होता, त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. सिनियर शेजारीच उभे होते. मी बोट वर केलं आणि म्हणाले, तो डाग बघा, वर न्हाणीघर आहे, वरच्या लोकांशी बोलून दुरुस्ती कोण करणार ते लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आवाज कापत होता माझा. त्यांनी घर घेतलं नाही. सिनियर गाडीत एक शब्द बोलले नाहीत, पूर्ण रस्ताभर.

बारा दिवसांनी त्या आईंचा फोन आला. त्यांच्या बहिणीला भाड्याने घर हवंय, आणि त्या स्वतः अजून शोधतायत, मी दाखवेन तेच बघणार म्हणाल्या. बहिणीचं घर काल पक्कं झालं. माझं पहिलं काम! उद्या सकाळी ताबा द्यायचाय.

फोनवाला, भीती अजून थोडी आहे. पण आता जाहिरातवाल्यांनाच लावते, आणि नंबर कुठून मिळाला हे पहिल्याच वाक्यात सांगते.

उद्याचं एक विचारायचंय. विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचं रीडिंग मी लिहायचं की मालकांनी?

भिंतीपलीकडे
वाचून फार बरं वाटलं. तुम्ही लिहा, दोघांना दाखवा, दोघांच्या सह्या घ्या आणि मीटरचा फोटो काढा ज्यात आकडा आणि मीटरचा क्रमांक दोन्ही दिसतील.

पायपीट
चौसष्ट पानं! मला तेवढी भरायला चार महिने लागले होते. जोरात चाललंय.

भाडेकरू_कायम
खोल्यांचे फोटो काढायला विसरू नका. न्हाणीघरातली फरशी पण, कोपऱ्यातली.

उंबरठा
आणि किल्ल्या मोजून द्या, किती दिल्या ते कागदावर लिहा. पत्रपेटीची आणि गच्चीची किल्ली हमखास मालकांच्या जुडग्यातच राहते, त्यांना आजच आठवण करून द्या.

नवी_किल्ली
आत्ताच फोन केला मालकांना. गच्चीची खरंच त्यांच्याच जुडग्यात होती.